रोलेटची ‘चक्री’ होते तेव्हा

धुळे-सोलापूर महामार्गाने बीड सोडून घाट चढला की मांजरसुंबा लागते. पाटोदा-जामखेडमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा आणि केज-अंबाजोगाईमार्गे लातूरकडे जाणारा, असे दोन्ही रस्ते येथे येऊन मिळतात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले भाविक, मालमोटारींचे चालक, हंगामाच्या तोंडावर संसार पाठीशी बांधून निघालेले ऊसतोड मजूर असे सारे या चौकात थोडा वेळ तरी थांबतातच. ढाबा, चहाची टपरी आणि वाट पाहणारी माणसे हे फाट्यावरच्या गावाचे भांडवल असते. वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात अलीकडे वर्तमानपत्राऐवजी भ्रमणध्वनी असतो आणि युरोपातील धनिकांच्या करमणुकीसाठी जन्माला आलेले रोलेटचे चक्र आता त्या भ्रमणध्वनीवर फिरू शकते. मराठवाड्यापर्यंत येता येता त्याचे नाव बदलले. येथे त्याला ‘चक्री’ म्हणतात.

बीड, जालना, लातूर, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर ‘ऑनलाइन चक्री’ आणि ‘बिंगो’ हे शब्द वाचकांच्या ओळखीचे झाले आहेत. छापा पडतो, संगणक संच व रोख रक्कम असा मुद्देमाल जप्त होतो, जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 4 व 5 अन्वये गुन्हा दाखल होतो आणि बातमी संपते. केज येथे सहायक पोलीस अधीक्षक असताना पंकज कुमावत यांच्या पथकाने 2021-22 च्या सुमारास गुटखा व जुगाराच्या अड्ड्यांवर टाकलेले छापे जिल्हाभर गाजले होते. नाशिक जिल्ह्यातही त्याच सुमारास ऑनलाइन रोलेटविरुद्ध गुन्हे दाखल झाले. तरीही खेळ थांबला नाही. तो का थांबत नाही, हे समजून घ्यायचे तर आधी तो खेळला कसा जातो, हे पाहावे लागते. छाप्याच्या बातमीत नेमकी तेवढीच गोष्ट नसते.

छत्तीस घरे आणि एक शून्य

मूळ युरोपीय रोलेटमध्ये चक्राला 37 खाचा असतात. 1 ते 36 हे आकडे, त्यांपैकी अठरा लाल व अठरा काळे, आणि एक हिरवे शून्य. चक्र एका दिशेने फिरते, चेंडू उलट दिशेने सोडला जातो आणि तो ज्या खाचेत विसावेल तो आकडा जिंकतो. चेंडूचा वेग मंदावेपर्यंत खेळणाऱ्याने मेजावरील हिरव्या कापडावर आपली पैज मांडायची असते. एकाच आकड्यावर पैसे लावले आणि तो लागला तर लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या 35 पट मिळते. दोन आकड्यांच्या सामाईक रेषेवर मांडले तर 17 पट, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर 8 पट, बाराच्या गटावर दुप्पट आणि लाल-काळे किंवा सम-विषम यांवर बरोबरीचे पैसे मिळतात.

वरवर पाहता यात खोट दिसत नाही. 36 आकडे आणि मूळ रकमेसह 36 पट परतफेड, म्हणजे व्यवहार चोख. मेख शून्यात आहे. संभाव्यता 37 मध्ये एक, परतफेड मात्र 36 च्या हिशेबाने. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे चालकाकडे राहतात. पैज एका आकड्यावर असो वा लाल-काळ्यावर, हा हिशेब बदलत नाही. फ्रान्स्वा व लुई ब्लाँ या बंधूंनी 1843 मध्ये जर्मनीतील होम्बुर्ग येथे एकच शून्य असलेले चक्र आणले, ते स्पर्धकांपेक्षा गिऱ्हाइकाला थोडे अधिक देऊन जास्त गर्दी खेचण्यासाठी. अमेरिकेत दोन शून्ये राहिली आणि चालकाचा वाटा 5.26 टक्क्यांवर गेला. लास व्हेगासमध्ये 2016 पासून तीन शून्यांची चक्रेही आली. तेथे तो 7.69 टक्के होतो. 0 ते 12 अशा तेरा घरांचे छोटे चक्रही मिळते. त्यात एका आकड्याला 11 पट मिळतात आणि चालकाचा वाटा पुन्हा 7.69 टक्केच येतो. घरे कमी झाली की खेळ सोपा वाटतो आणि महाग होतो, हे रोलेटच्या सर्व भावंडांना लागू पडणारे सूत्र आहे.

आपल्याकडील चक्रीला तर बहुधा दहाच घरे असतात, 0 ते 9. याचे कारण मटक्यात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या भावांवर चालणारा आकड्यांचा सट्टा 1961 मध्ये ते भाव येणे थांबल्यावर बंद पडायला हवा होता. त्याऐवजी 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि पुढे 1964 मध्ये रतन खत्री यांनी पत्ते काढून आकडा ठरवण्याची रीत रूढ केली. तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ‘सिंगल’ किंवा एकेरी आकडा. त्यावर रुपयाला नऊ रुपये, हा दर महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारगावात दोन पिढ्या पाठ आहे. चक्रीने मटक्याची ही भाषा उचलली, तिच्यावर रोलेटचे फिरते चित्र चढवले आणि दिवसातून दोनदा निघणारा आकडा मिनिटामिनिटाला काढायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला नवे काही शिकावे लागले नाही. गिऱ्हाईक मिळवण्याची निम्मी मेहनत येथेच वाचली.

नऊपटीचे महागडे गणित

दहा घरे आणि रुपयाला नऊ रुपये, म्हणजे शंभरामागे दहा रुपये चालकाचे. युरोपीय रोलेटच्या तुलनेत हा वाटा जवळजवळ चौपट होतो. एखाद्याने दुपारभरात वीस-वीस रुपयांच्या दोनशे फेऱ्या खेळल्या तर त्याने एकूण चार हजार रुपये लावलेले असतात. सरासरीने त्यातले चारशे गेले. तेवढीच रक्कम तितक्याच वेळा एका शून्याच्या चक्रावर लावली असती तर सुमारे 108 रुपये गेले असते. खेळणारा मात्र सहसा जिंकलेले पैसे उचलत नाही, तेच पुन्हा लावतो. हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाची सारी रक्कम एकदा फिरली की सरासरी नऊशे उरतात, दुसऱ्यांदा फिरली की आठशे दहा. सातव्या फेरफटक्याला निम्म्याहून कमी. एका शून्याच्या चक्रावर तीच रक्कम निम्मी व्हायला असे पंचवीस फेरफटके लागतात. आणि मिनिटाला एक आकडा निघत असेल तर सात फेरफटक्यांना एक संध्याकाळ पुरते.

हे सरासरीचे गणित आहे. प्रत्यक्षात कोणी तरी त्याच संध्याकाळी दोन हजारांचे अठरा हजार करून उठतो. त्याची कथा चहाच्या टपरीवर आठवडाभर चालते. हरलेला आपली कथा सांगत नाही. चालकाला यापेक्षा चांगली जाहिरात पैसे मोजूनही मिळणार नाही.

‘डबल करत जायचे, कधी तरी लागतेच’ ही युक्तीही सर्वत्र सांगितली जाते. बरोबरीचे पैसे देणाऱ्या पैजेवर दहा रुपयांपासून सुरुवात करून प्रत्येक हारीनंतर रक्कम दुप्पट करायची, म्हणजे पहिल्याच विजयात मागचे सगळे निघून दहा रुपये नफा राहतो. सलग दहा वेळा हार झाली तर तोवर 10 हजार 230 रुपये गेलेले असतात आणि अकराव्या फेरीला आणखी 10 हजार 240 लागतात. हे सारे दहा रुपयांसाठी. एका शून्याच्या चक्रावर अशी सलग दहा हारींची मालिका सुमारे 784 प्रयत्नांत एकदा येते. ऐकायला ती दुर्मीळ वाटते. पण महिनाभर रोज खेळणाऱ्याला ती भेटण्याचीच शक्यता अधिक असते आणि तेव्हा एक तर खिसा संपलेला असतो किंवा पैजेची कमाल मर्यादा आडवी येते.

मागील निकालांचा तक्ता पाहून आकडा ‘काढणे’ हा दुसरा भ्रम. माँटे कार्लो येथे 18 ऑगस्ट 1913 रोजी चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला. आता लाल आलेच पाहिजे, अशा खात्रीने लोक लालवर रकमा वाढवत गेले आणि लुटले गेले. चेंडूला स्मरण नसते. मटक्याचे जुने चार्ट जपून ठेवणारे आणि पडद्यावर मागचे आकडे पाहून डोके खाजवणारे एकाच चुकीचे धनी आहेत. त्यातले विनोदी अंग असे की तो तक्ता चालक स्वतः आणि फुकट पुरवतो.

चेंडू नसलेले चक्र

येथवर आपण चक्र प्रामाणिक आहे असे धरले. वास्तविक मोठा प्रश्न पुढेच आहे. कॅसिनोतील चक्र डोळ्यांसमोर असते, चेंडू कोणाच्याही हातात नसतो. रतन खत्री यांच्याबद्दल काहीही म्हटले तरी त्यांच्या काळी पत्ते लोकांसमक्ष काढले जात, आणि त्या उघडेपणावरच त्यांचा धंदा उभा राहिला. भ्रमणध्वनीवरच्या चक्रीत चेंडू नाही, चक्रही नाही. दूर कोठे तरी असलेल्या संगणकाने ठरवलेल्या आकड्याचे ते केवळ चित्र आहे. त्या संगणकाला आकडा जाहीर करण्यापूर्वीच कोणत्या घरावर किती पैसे आले, हे ठाऊक असते.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एका फेरीत दहा घरांवर मिळून पाच हजार रुपये आले. आकडा खरोखरच दैवाधीन असेल तर सरासरीने साडेचार हजार परत जातील आणि चालकाकडे पाचशे राहतील. पण सात या घरावर शंभरच रुपये आले आहेत हे पाहून सातच काढला, तर नऊशे देऊन एकेचाळीसशे राहतात. दहा टक्क्यांचा वाटा एका झटक्यात 82 टक्क्यांवर जातो आणि पडद्यासमोर बसलेल्यांना ‘आज आकडा फिरला’ एवढेच कळते. प्रत्येक चक्री अशीच चालते असे म्हणता येणार नाही. तशी चालवायला काहीही अडचण नाही, एवढे मात्र निश्चित. परवाना असलेल्या ठिकाणी निदान कोणी तरी यंत्र तपासू शकतो. जो खेळ मुळातच बेकायदा आहे त्याचा आकडा तपासण्याची सोय कोठून असणार?

पैशाची वाटही समजून घेण्यासारखी आहे. गिऱ्हाईक बँकेमार्फत पैसे भरेलच असे नाही. गावातला एजंट त्याला ‘आयडी’ व पासवर्ड देतो, रोख घेतो आणि खात्यावर तेवढे ‘पॉइंट’ चढवतो. जिंकलेले पॉइंट तोच रोखीत फेडतो. विश्वासातल्या गिऱ्हाइकाला पॉइंट उधारही मिळतात, आणि खरा गळफास येथे आवळला जातो. रोख संपली की माणूस घरी जातो. उधारी मिळाली की तो बसून राहतो. एजंट वरच्या वितरकाशी हिशेब करतो, तो आणखी वरच्याशी. पडद्यावर फक्त पॉइंट दिसतात, रुपया कोठेच दिसत नाही. छाप्यात सापडतो तो साखळीतला शेवटचा दुवा, बहुधा महिन्याच्या पगारावर बसवलेला गावचाच एखादा पोरगा.

चार कायदे, एक फट

कायद्यांची वाण आहे असे नाही. महाराष्ट्रातील जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. जुगाराचा अड्डा म्हणजे घर, खोली, तंबू, ही त्याची कल्पना. त्यातले दंडाचे आकडे आजच्या रुपयात हास्यास्पद वाटावेत इतके लहान आहेत. गाळ्यावर ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी लावून चक्री चालवणाऱ्यांना ती पाटीही वाचवू शकत नाही, केंद्राच्या 1998 च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार एकेरी अंकावर बक्षीस देता येत नाही आणि कोणत्याही लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत काढता येत नाही. मिनिटाला एक अंक काढणारी लॉटरी दोन्ही अटी एकदमच मोडते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीने चालवलेला अनधिकृत सट्टा व जुगार हा ‘लहान संघटित गुन्हा’ ठरवला असून त्याला एक ते सात वर्षांची कैद आहे. साखळीतल्या वरच्या दुव्यांपर्यंत पोहोचण्याचे हे साधन खरे तर धारदार आहे. ते वापरायचे तर टोळी सिद्ध करावी लागते, आणि गाळ्यातला संगणक जप्त करून टोळी सिद्ध होत नाही.

त्यानंतर आला 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो ऑगस्टमध्ये दोन दिवसांत संमत केला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख, पैशांची देवघेव करून देणाऱ्या वित्तीय संस्थांनाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही, आणि ते योग्यच झाले. या कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. ज्या महिन्यांत ही चर्चा तापली होती त्याच जुलैमध्ये विधिमंडळाच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत गाजली; त्यांनी आरोपाचा इन्कार केला, तरी कृषी खाते त्यांच्याकडून गेले आणि क्रीडा खाते आले. या फेरबदलातला विनोद मंत्रालयात कोणाच्या लक्षात आला नसेल असे नाही.

नव्या कायद्याचा रोख मोठ्या कंपन्या, त्यांच्या जाहिराती आणि बँकांची देवघेव यांवर आहे. त्या आघाडीवर तो परिणामकारक ठरलाही. नामांकित कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच बंद केले. पण चक्रीची जाहिरात तोंडी होते आणि पैसा रोखीने फिरतो. जाहिरात नाही, बँकेची नोंद नाही, नोंदणीकृत कंपनी नाही. कायद्याची जाळी जेथे सर्वांत बारीक आहे तेथून हा मासा जातच नाही. उलट उजळ माथ्याने चालणारे खेळ बंद झाल्यावर त्यांचे गिऱ्हाईक गल्लीतल्या एजंटाकडे वळण्याचा धोका आहे, आणि बंदीच्या समर्थकांनी त्याचा विचार पुरेसा केलेला नाही.

मग परवाने द्यावेत काय? शेजारच्या गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि पुढे जहाजांवर मेजांवरील खेळांना मुभा दिली. मांडवीतील कॅसिनो त्याचेच फळ. त्याच गोव्याने 1 फेब्रुवारी 2020 पासून स्वतःच्या रहिवाशांना मात्र तेथे खेळण्यास मनाई केली. पाहुण्यांनी खेळावे, घरच्यांनी नको, हे धोरण बरेच काही सांगून जाते. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. त्या निर्णयाला दोष देण्याचे कारण नाही. एका शून्याचे तपासलेले चक्र दहा घरांच्या अदृश्य चक्रापेक्षा बरे, हे गणिताने खरे असले तरी मांडवीच्या जहाजावर जाणारा आणि फाट्यावर वाट पाहणारा ही दोन वेगळी माणसे आहेत.

त्या दुसऱ्या माणसाकडे पैसा येतो तो हंगामाने. बीड जिल्हा हा राज्यातील ऊसतोड मजुरांचा सर्वांत मोठा पुरवठादार. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होण्यापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. ती एका माणसाला नव्हे, कोयत्याला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे गावात एकरकमी पैसा खेळतो तो वर्षातले थोडेच दिवस, आणि तोही अजून न केलेल्या कामाचा असतो. त्या दिवसांत उचलीतले वीस हजार चक्रीत गेले तर गेले नवऱ्याच्या हातून. फेडायचे मात्र दोघांच्या कोयत्याने. ज्या बाईने पडदा पाहिलाही नाही तिच्या कित्येक पहाटे त्यात आधीच विकल्या गेलेल्या असतात. शहरातल्या नोकरदाराचा तोटा पगारातून वजा होतो, येथे तो अंगमेहनतीतून वजा होतो. दहा टक्क्यांचे गणित दोघांना सारखेच असले तरी त्याची किंमत सारखी नाही.

उधारीबाबत एक जुनी तरतूद मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल आहे. पण देशात अन्यत्र त्या पैजेसाठी दिलेले कर्ज वसूल करण्याची वाट काही प्रमाणात उरते. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र 1865 च्या तिसऱ्या कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही रद्द ठरवले, आणि महाराष्ट्रात तो नियम चालत आला आहे. एजंटाने खेळण्यासाठी दिलेल्या उधारीवर येथील कोणतेही न्यायालय हुकूमनामा देणार नाही. त्यापोटी लिहून घेतलेली चिठ्ठीही त्याच पारड्यात जाते. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील निबंधकाकडे करता येते. असे असूनही वसुली होते, कारण ती न्यायालयात होतच नाही. ती घराच्या दारात, बैलजोडी किंवा दुचाकी ओढून नेऊन होते. कायदा कर्जदाराच्या बाजूचा आहे हे कर्जदाराला सांगायला कोणी गेलेले नसते, आणि जुगार खेळलो हे कबूल करून ठाण्याची पायरी चढायला तो धजत नाही. 2025 च्या कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले आहे, पण 1887 च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही आरोपीच असतो. एकाच चक्रीसाठी एक कायदा त्याला बळी समजतो आणि दुसरा गुन्हेगार. तो एजंटाविरुद्ध साक्ष का देत नाही, याचे उत्तर या विसंगतीत आहे. ही विसंगती दूर करणे राज्याच्या हाती आहे, कारण सट्टा व जुगार हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील विषय आहे. त्यासाठी 1887 च्या कायद्यातील अड्ड्याच्या व्याख्येत ‘आयडी’ आणि ‘पॉइंट’ यांना जागा करावी लागेल, तक्रार घेऊन येणाऱ्या खेळणाऱ्यास अभय द्यावे लागेल, आणि संगणकाच्या मागे असलेल्या वितरकाचा तपास नेकनूर किंवा केजच्या ठाण्यावर न सोडता राज्याच्या सायबर यंत्रणेकडे द्यावा लागेल.